थोमाच्या मातीचं गाणं

नदीकाठच्या एका गावात दगडी भिंतींचं चर्च होतं, आणि त्या चर्चमध्ये तीस वर्षं बाजाच्या पेटीवर बसणारे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे सिलासकाका म्हणत. दर रविवारी उपासनेला ते पेटीचा भाता मारायचे, गीताची पहिली ओळ म्हणायचे आणि मग सगळी मंडळी गायला लागायची. काकांचा आवाज काही गोड नव्हता. शेवटची चार-पाच वर्षं तर तो घोगरा झाला होता आणि मधेच सूर सोडून भलतीकडे जायचा. लोक गालातल्या गालात हसायचे. पण गायचे मात्र सगळे, आणि इतकं मोठ्यानं गायचे की नदीपलीकडच्या शेतात खुरपणाऱ्या बायका माना वर करून बघायच्या.

सगळ्यांत मोठा आवाज होता थोमा गवंड्याचा. तो शेवटच्या बाकड्यावर बसायचा. त्याचा गळा जाड होता, चाल संथ होती. सगळ्यांची ओळ संपली तरी याचा शेवटचा शब्द चालूच असायचा. गावात कुणाची माती झाली की कबरस्थानात पेटी नसायची, तेव्हा थोमाच गीत उचलायचा आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणायचे. तीस वर्षांत एकही माती त्याच्या गाण्याशिवाय झाली नव्हती.

एका रविवारी उपासना संपली आणि सिलासकाकांनी पेटीचं झाकण लावलं. मग उभे राहून म्हणाले, "पुढच्या रविवारपासून मी पेटीवर बसणार नाही."

मंडळी चकित झाली. कुणी कारण विचारलं, तर काका नुसते हसले आणि बायकोचा हात धरून घरी गेले. म्हातारपण, दुसरं काय, असं लोकांनी ठरवून टाकलं.

पाळकसाहेबांनी काकांच्या जागी शलोमीला नेमलं. शलोमी गावचीच मुलगी. वय सत्तावीस. शहरात पाच वर्षं गाणं शिकून आली होती आणि गावच्या शाळेत शिकवत होती. तिचा गळा खरोखर सुरेल होता. मनानंही ती वाईट नव्हती. देवासमोर गायचं तर नीट गावं, एवढंच तिला वाटायचं. शहरातून परतल्यापासून ती दर रविवारी काकांचा बेसूर ऐकत होती आणि तेव्हापासून तिच्या मनात होतं, की हे कधीतरी आपल्याला दुरुस्त करायला मिळावं.

ते मिळालं. शलोमीनं काम अगदी मन लावून सुरू केलं. गीतांची पट्टी तिनं आपल्या गळ्याला शोभेल इतकी वर नेली. चार मुलींना दर गुरुवारी शिकवून तयार केलं. पुढे माइक लावले, भिंतीवर दोन मोठे कर्णे बसवले आणि पेटीही भिंतीकडे तोंड करून मांडली. जुन्या गीतांच्या रेंगाळत्या चाली बांधून घट्ट केल्या, काही नवी गीतं आणली. पहिल्या रविवारी लोक बघतच राहिले.

तिसऱ्या रविवारी मात्र एक अडचण आली. गीताची ओळ संपून मुली थांबल्या, तरी मागून थोमाचा जाड आवाज चालूच होता. कर्ण्यांच्या आवाजातूनसुद्धा तो ऐकू आला. एक मुलगी हसली आणि तिचा सूर गेला. शलोमीच्या कपाळाला आठी पडली.

उपासनेनंतर दारात लोक बोलत उभे होते. शलोमी थेट थोमाकडे गेली.

"थोमामामा, एक सांगू का? तुम्ही गीत जरा मनातल्या मनात म्हणाल? तुमच्या आवाजानं बाकीच्यांचा सूर बिघडतो."

आजूबाजूचे दहा-पंधरा जण वळून बघू लागले. थोमानं एकदा तिच्याकडे बघितलं, मग हातातली टोपी डोक्यावर ठेवली.

"बरं बाई," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

माणूस किती समजूतदार आहे, असं शलोमीला वाटलं. संध्याकाळपर्यंत ती हे विसरूनही गेली.

त्यानंतर सगळं तिच्या मनासारखं होत गेलं. कर्ण्यांतून तिचा आणि मुलींचा आवाज घुमायचा. मागून कुणी रेंगाळायचं नाही. मंडळी शांत बसायची, एकटक बघायची. शेजारच्या गावांतले लोक मुद्दाम ऐकायला येऊ लागले. दारात भेटून ते म्हणायचे, "वा! रेडिओ लावल्यासारखं वाटतं." शलोमी नम्रपणे मान लववायची. नव्या कामात आपण रुळलो, असं तिनं शहरातल्या मैत्रिणीला पत्रानं कळवलं.

असे चार महिने गेले. त्या काळात गावात कुणाची माती झाली नाही.

एका मंगळवारी शाळेच्या कुंपणाची भिंत बांधता बांधता थोमा खाली बसला. हातातली थापी त्यानं बाजूला ठेवली आणि पाणी मागितलं. पाणी आणेपर्यंत तो गेला होता. कालपर्यंत धडधाकट असलेला माणूस असा बसल्या जागी गेला, यावर गावाचा विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मंडळी कबरस्थानात जमली. थोमाची बायको सुंदराबाई खड्ड्याच्या कडेला उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाळकसाहेबांनी वचन वाचलं, प्रार्थना केली आणि शवपेटी दोरांनी खाली सोडली. मग त्यांनी शलोमीला खूण केली.

निरोपाचं गीत सगळ्यांना पाठ होतं. तिथे माइक नव्हता, कर्णे नव्हते, मुलीही शाळेत होत्या. शलोमीनं सवयीप्रमाणे आपल्या पट्टीत पहिली ओळ म्हटली आणि मंडळी उचलेल म्हणून क्षणभर थांबली.

कुणीच उचललं नाही.

कदाचित ऐकू गेलं नसेल, असं वाटून तिनं दुसरी ओळ जरा मोठ्यानं म्हटली. उघड्या माळावर तिचा एकटीचा आवाज बारीक होऊन वाऱ्यावर गेला. तिनं मान वर करून बघितलं. दोनशे माणसं उभी होती आणि दोनशे तोंडं मिटलेली होती. दोघातिघांनी ओठ उघडले, पण लगेच मिटले. काहीजण जमिनीकडे बघू लागले. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर शलोमी थांबली.

काय करावं ते पाळकसाहेबांना सुचेना. त्यांनी घाईघाईनं माती लोटायला सांगितलं. पहिली ढेकळं शवपेटीवर पडली आणि लाकडाचा पोकळ आवाज आला. मग पुन्हा आला. त्या गावात हा आवाज आजवर कुणाच्या कानावर पडला नव्हता, कारण तो नेहमी गाण्याखाली दबून जायचा. एका म्हाताऱ्या बाईनं कानांवर हात ठेवले.

खड्डा भरला. सुंदराबाईनं पदर सावरला. ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"हा माणूस सगळ्यांच्या मातीला गायला. ह्याच्या मातीला कोणी गायलं नाही."

एवढं बोलून ती घरी निघून गेली. कुणीही कुणाकडे न बघता लोक पांगले.

शलोमी धुमसतच घरी आली. लोकांचा आपल्यावर राग आहे, त्यांनी ठरवून आपला अपमान केला, आणि तोही मातीच्या वेळी, असं तिच्या मनानं घेतलं. आई चुलीपाशी बसली होती. शलोमी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आई, लोकांनी असं का केलं? आणि तू? तू तरी गायचंस!"

आईनं वर बघितलं. "मी चार महिने गातच नाही, शलोमी."

"काय?"

"कोणीच गात नाही. तुला ठाऊक नाही?"

शलोमी आईसमोर खाली बसली. दर रविवारी आई दुसऱ्या बाकड्यावर, तिच्यापासून दहा हातांवर बसायची. तिनं आईकडे एकदाही बघितलं नव्हतं. तिचे डोळे पुस्तकावर असायचे आणि कानात स्वतःचाच आवाज.

"तू थोमाला बोललीस, तेव्हा मी तिथंच उभी होते," आई म्हणाली. "आमच्यातला सगळ्यांत मोठा गळा तू बंद केलास. मग आम्ही मनात म्हटलं, आपला कसला सूर? त्यात तुझी पट्टी इतकी वर, की आमचा आवाज पोचत नाही. एकेक जण गप्प होत गेला. आज राग नव्हता गं कुणाला. मी तोंड उघडलं होतं. आवाजच फुटला नाही. सवय गेली."

शलोमीला रडूसुद्धा आलं नाही. ती चुलीतली लाकडं मागंपुढं सारत राहिली. दुपार कलली तेव्हा उठली आणि सिलासकाकांच्या घरी गेली. हे सगळं त्यांनाच विचारायला हवं, असं तिला वाटलं.

काका ओसरीवर दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत होते. तिनं हाक मारली. काका हलले नाहीत. तिनं पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा मोठ्यानं मारली. काका शांतपणे खडा उचलून बाजूला टाकत होते. काकाही आपल्याशी बोलायला तयार नाहीत, असं वाटून ती परत फिरणार, तेवढ्यात आतून मार्थाकाकू बाहेर आल्या.

"तू अशी मागं उभी राहिलीस, तर ते काही बोलणार नाहीत. समोर जा. ह्यांना ऐकू येत नाही."

"कधीपासून?"

"पाच वर्षं झाली. काहीच ऐकू येत नाही. ओठ बघून बोलतात, म्हणून कुणाला कळलं नाही."

शलोमीनं मनात हिशेब केला. पाच वर्षं! त्या पाच वर्षांत काकांनी अडीचशे रविवार मंडळीकडून गाऊन घेतलं होतं. त्यांच्या ज्या बेसुरावर ती तोंड फिरवून हसली होती, तो बेसूर त्यांना कधी ऐकूच आला नव्हता.

काकूंनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी वळून बघितलं, शलोमीला ओळखलं आणि तिला अगदी समोर, उजेडात बसायची खूण केली. ती बोलू लागली तसे ते तिच्या ओठांकडे बघत राहिले. कबरस्थानातलं सगळं तिनं सांगितलं. मग विचारलं, "काका, तुम्हाला ऐकू येत नव्हतं, तर मंडळी तुमच्यामागं गायची कशी?"

"मी तोंडं बघायचो," काका म्हणाले. "पेटी बोटांना पाठ होती. नजर समोर. पुढच्या बाकड्यांवरच्या बायकांचे ओठ थांबले, की समजायचं, पट्टी वर गेली. मग पुढचं गीत खाली घ्यायचं. मागची माणसं अडखळली, की चाल सावकाश करायची. आणि सगळ्यांत शेवटी थोमाचं तोंड. ते मिटलं, की समजायचं गीत संपलं. त्याच्या आधी मी कधी पेटी थांबवली नाही."

शलोमीनं मान खाली घातली. काकांनी तिची हनुवटी वर केली, कारण मान खाली असली तर त्यांना काहीच कळलं नसतं.

"मग तुम्ही सोडलंत का?" तिनं विचारलं.

"डोळे जायला लागले. दुसऱ्या बाकड्यापलीकडचं दिसेना. म्हटलं, आता आपल्याला मंडळी ऐकू येत नाही."

पुढच्या रविवारी शलोमीनं कर्णे बंद ठेवले. पेटी भिंतीकडून फिरवून पुन्हा मंडळीसमोर मांडली. मग उभी राहिली.

"थोमामामांना मी गप्प केलं," ती म्हणाली. "त्यांच्यामागून तुम्हा सगळ्यांनाही केलं. आणि हे मला चार महिने कळलंसुद्धा नाही. माझं चुकलं."

ती बसली आणि तिनं एक जुनं गीत खालच्या पट्टीत, पूर्वीच्या संथ चालीत सुरू केलं. सात-आठ जण पुटपुटले. त्याच्या पुढच्या रविवारी वीसेक जण गायले, तेही चाचरत. माणसांचे आवाज गंजले होते. कितीतरी वेळा शलोमीला वाटलं, की आपणच मोठ्यानं म्हणावं आणि ही शांतता झाकून टाकावी. तिनं ते केलं नाही. लोक थांबले की तीही थांबायची, आणि ती ओळ पुन्हा सुरू करायची.

सुंदराबाई मात्र चर्चला येत नव्हती. तीन आठवड्यांनी शलोमी तिच्या घरी गेली. सुंदराबाई अंगणात बसली होती. "ये," एवढंच ती म्हणाली.

"मामी, मला क्षमा करा."

"माझ्याकडं काय मागती? ज्याला गप्प केलंस, त्याच्याकडं मागायची. तो गेला."

शलोमी तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"घरातपण गायचा बंद झाला होता," सुंदराबाई सांगू लागली. "सकाळी उठल्यापासून गाणारा माणूस. मी म्हटलं, असं काय करताय, पोरीचं काय मनावर घ्यायचं? तर म्हणला, नाही गं, ती शिकून आलीये. तिला कळतं. आपलंच चुकत असंल इतकी वर्षं."

थोमा रागावला असता, चारचौघांत भांडला असता, तर तिला सोसलं असतं. त्यानं तिच्यावर विश्वास ठेवला होता. तिचं शिक्षण खरं मानून त्यानं आपलं आयुष्यभराचं गाणं खोटं मानलं होतं, आणि तसाच तो गेला होता.

ती बराच वेळ रडली. सुंदराबाईनं तिला थोपवलं नाही, जवळही घेतलं नाही. शेवटी शलोमी डोळे पुसून म्हणाली, "मामी, मामांच्या मातीचं गाणं राहिलंय. तुम्ही म्हणाल त्या दिवशी आम्ही सगळे येऊ. तुम्ही नको म्हणालात, तर नाही येणार."

सुंदराबाईनं त्या दिवशी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी उपासना सुरू झाल्यावर सुंदराबाई आत आली आणि शेवटच्या बाकड्यावर बसली. ती गायली नाही. नुसती ऐकत होती. त्या दिवशी जवळजवळ सगळे गात होते. उपासना संपली तेव्हा ती उठून उभी राहिली.

"चला," ती म्हणाली.

कुठे, असं कुणीही विचारलं नाही. सगळी मंडळी चालत कबरस्थानात गेली. ऊन कडक होतं. मार्थाकाकूंनी सिलासकाकांना हात धरून आणलं. मातीचा ढिगारा एव्हाना खाली बसला होता आणि त्यावर गवत उगवलं होतं. लोक भोवती उभे राहिले आणि सवयीनं शलोमीकडे बघू लागले.

शलोमीनं गीत सुरू केलं नाही. ती सुंदराबाईजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "मामी, मामांची पट्टी तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही उचला."

सुंदराबाईनं डोळे मिटले. तिचा आवाज फाटका होता आणि फार खालून आला. पहिली ओळ तिनं एकटीनं म्हटली. मागच्या वेळची शांतता अजून कुणी विसरलं नव्हतं. क्षणभर तशीच शांतता पडली.

मग शलोमीच्या आईनं दुसरी ओळ उचलली. तिच्यामागून बायकांनी, मग पुरुषांनी. गाणं वाढत गेलं. कुणी पुढे जात होतं, कुणी मागे राहत होतं, एक म्हातारा भलत्याच सुरात होता. सिलासकाकांनी शेजारच्या माणसाच्या पाठीवर तळहात टेकला होता. तिथून त्यांना गाणं कळत होतं. शलोमी एकेका तोंडाकडे बघत होती आणि अगदी हळू, सगळ्यांच्या खालून गात होती. पाच कडवी झाली. शेवटची ओळ संपली तरी सुंदराबाई थांबली नाही. तिनं शेवटचा शब्द लांबवला, आणि तिच्यासाठी दोनशे माणसांनी तो लांबवला.

तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"उशिरा झालं," पदरानं तोंड पुसत ती म्हणाली. "त्यानं काही ऐकलं नाही. पण झालं."

मग ती शलोमीच्या खांद्याचा आधार घेऊन घरी चालू लागली.

तात्पर्य: ज्याला पुढे बसवलं, त्यानं आपल्या आवाजाआधी शेवटच्या बाकड्यावरचा आवाज ऐकावा, कारण आपण गप्प केलेला माणूस आपल्याला चूक कळेपर्यंत थांबेलच, असं नाही.